भिंतीवरचं एकसष्ट

“एकसष्ट म्हणजे एकसष्ट! दुपारच्याला ह्या भिंतीवर एकसष्ट उमटतं अन् हे मशीन गप पडतं. मी काय जागेपणी स्वप्नं बघते व्हय रे?”

“आई, किती वेळा सांगू? एसी तीसच्या वर जातच नाही. एकसष्ट येणार कुठून?”

“ते त्याला इचार. मला काहून इचारतो?”

त्याला म्हणजे मला. मी त्या भिंतीवरचा एसी बोलतोय. गारखेड्यातल्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, आतल्या खोलीत, खिडकीच्या वर मला ठोकलेलं आहे. माझ्या खाली पलंगावर बसल्यात त्या वच्छलाबाई. समोर बॅगेत त्यांची लुगडी कोंबतोय तो त्यांचा मुलगा सुदर्शन. दारात हाताची घडी घालून उभी आहे ती सून प्रेरणा. खाली गाडी येणार आहे. वच्छलाबाईंना फुलंब्रीला, त्यांच्या दिराच्या घरी नेऊन सोडायचं ठरलंय. का? तर म्हणे त्यांचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. भिंतीवर नसलेले आकडे त्यांना दिसतात.

आकडा खरा आहे. मीच दाखवतो. पण साक्ष द्यायला मला जीभ कुठं आहे? माझ्याकडं बोटभर चौकट आहे, तिच्यात एक अक्षर आणि एक आकडा मावतो. सगळं दुखणं तेवढ्यात बसवायचं. तुम्ही बसवून दाखवा एकदा!

माझा जन्म कारखान्यातला. कोणत्या ते सांगत नाही, उगाच कुणाचं नाव नको. जन्मलो तेव्हाच माझे दोन तुकडे केले. एक आत बसणारा, पांढरा, लांबट, पाहुण्यांना दाखवायचा. दुसरा बाहेर बसणारा, चौकोनी, पंख्याचा, कुणी ढुंकून बघत नाही असा. मध्ये तांब्याची नळी. आतला खोलीतली गरमी गोळा करतो आणि बाहेरचा ती फेकून देतो. एवढाच माझा सगळा धंदा. लोक आतल्याला एसी म्हणतात. खरं काम बाहेरचा करतो, ऊन खातो, धूळ खातो. घराघरात असतंच की असं कुणीतरी.

उस्मानपुऱ्यातल्या एका दुकानात काही महिने मी खोक्यात पडून होतो. मग वच्छलाबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सुदर्शन मला घेऊन आला. खोटं बोलणार नाही, त्यानं मला मायेनंच आणलं. “आईला उन्हाळा सोसायचा नाही,” असं दुकानदाराला दोनदा म्हणाला. मला बसवायला शफी आला. त्यानं बाहेरचं यंत्र गॅलरीत स्टँडवर ठेवलं आणि जाताना म्हणाला, “सर, इसके सामने कुछ आडा मत लगाना. मोकळं राहू द्या.” सुदर्शननं मान हलवली. माणसं मान फार छान हलवतात.

पहिले काही महिने सुखाचे गेले. वच्छलाबाई मला आधी शिव्या द्यायच्या. “कफन घालून निजल्यावानी गार करतंय मेलं.” मग हळूहळू रिमोट त्यांच्या उशाशी आला. त्या शाळेत गेलेल्या नाहीत. वाचायला स्वतःच शिकल्या, भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आणि एसटीच्या पाट्यांवरून. मोबाइलच्या बटणांवरचे इंग्रजी आकडेही उचलले. मात्र इंग्रजी अक्षरांच्या वाटेला गेल्या नाहीत. “आजवर माझं अडलं नाय, आता इंग्रजीवाचून काय अडायचंय?” असं त्या प्रेरणाला ऐकवायच्या. चष्मा न लावता माझ्यावरचा चोवीस त्या वाचायच्या आणि कुणी सव्वीस केला की लगेच विचारायच्या, “कुणी हात लावला रे?”

मग घरात काच आली.

सोसायटीत एकानं गॅलरी बंद करून घेतली, की बाकीच्यांना आपली उघडी गॅलरी लाज आणते. समोर रस्त्याचं काम चाललेलं, धूळ यायची. कबुतरं वाळत घातलेल्या कपड्यांवर घाण करायची. कारणं खरीच होती. पाडव्याच्या आधी सुदर्शननं गॅलरीला खालपासून वरपर्यंत सरकत्या काचा बसवून घेतल्या. काय शो आला म्हणता! सगळे हॉलमध्ये उभं राहून बघत होते. आणि माझा बाहेरचा तुकडा त्या काचेच्या पेटीत आत राहिला होता.

गरमी फेकायची कुठं? मी फेकायचो, ती काचेवर आपटून परत माझ्याच नाकात शिरायची. तीच गरमी पुन्हा ओढायची, पुन्हा फेकायची. वच्छलाबाईंच्या खोलीची एकुलती खिडकी त्याच गॅलरीत उघडते. म्हणजे त्यांनीही खिडकी उघडली तरी आत यायची ती माझी वाफ. गुडघ्यामुळं त्यांना जिना उतरता येत नव्हता. लिफ्टचं काम कधीचं रखडलेलं. दार गारवा जाऊ नये म्हणून लोटलेलं. भिंतीवर मी, पलंगावर त्या. कोंडलेले दोघंही.

चैत्र तापला तसा माझा दाब वाढू लागला. नळीत गॅस फुगतो, यंत्र फुटायची वेळ येते. तेव्हा मला एकच मुभा आहे. काम थांबवायचं आणि चौकटीत लिहायचं: E1. आमच्या कंपनीत त्याचा अर्थ, बाहेरच्या यंत्रात दाब वाढला, त्याला श्वास घेता येईना. दुसऱ्या कंपनीच्या एसीवर हेच आलं तर अर्थ निराळा असेल. म्हणून शेजाऱ्याला विचारू नका, आपल्या यंत्राबरोबर आलेलं पुस्तक बघा. मी कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही हो. मला कुठं दुखतंय एवढंच सांगतो.

वच्छलाबाईंनी चौकटीकडं बघितलं. इंग्रजीतला ई माझ्या चौकटीत तीन आडव्या दांड्यांचा असतो. कॅलेंडरवरचा सहा आठवा, ६. डाव्या अंगाला पोट, उजवीकडं तोंड उघडं. त्यांना तो सहाच वाटला. पुढं एक. झालं एकसष्ट. त्यांनी सुदर्शनला कामावर फोन लावला.

“अरे, एकसष्ट दाखवतंय अन् हवा बंद.”

“आई, तू बटणं दाबलीस का?”

“माझी बोटं काय खाजत्यात व्हय?”

“बरं, भिंतीवरचं मोठं बटण बंद कर, थोड्या वेळानं चालू कर.”

त्यांनी केलं. माझी चौकट पुसली गेली. मला ह्या सवयीचा फार राग आहे. यंत्र काही सांगतंय म्हटलं की आधी त्याची वीज तोडायची. रडणाऱ्या पोराच्या तोंडावर हात दाबला की ते गप होतं, त्याचं पोट दुखायचं थांबत नाही. निदान काय लिहिलंय ते आधी वाचा, फोटो काढा, मग बटण दाबा! वच्छलाबाईंचा फोन साधा, त्यात फोटो निघत नाही.

संध्याकाळी प्रेरणा पतसंस्थेतून आली की पहिलं गॅलरीत जायची, कपडे काढायला. काच सरकवायची. मला वारा मिळायचा. सुदर्शन येईपर्यंत मी चोवीसवर गुणी बाळासारखा चालू. तो चौकटीकडं बघायचा, आईकडं बघायचा आणि हातपाय धुवायला जायचा.

रोज हेच. रोज दुपारी एकसष्ट, रोज संध्याकाळी चोवीस. वच्छलाबाईंना काचेचा संबंध लागला नाही, सुदर्शनला आकड्याचा. शफीला बोलवावं असं कुणाच्या मनात आलं नाही, कारण यंत्र तर चालत होतं! मग बिघडलं कोण?

एकदा स्वयंपाकघरातून प्रेरणा हलकेच म्हणाली, “साठी बुद्धी नाठी म्हणतात, ह्यांची तर एकसष्टी चाललीय.”

हलकेच म्हणाली, पण वच्छलाबाईंचे गुडघे गेलेत, कान नाही गेले. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. पदर तोंडावर ओढून भिंतीकडं वळल्या. आणि पहिल्यांदाच मला त्यांच्या आवाजात भीती ऐकू आली. “खरंच नसंल का रे बाबा तिथं काही?” असं त्या मलाच विचारत होत्या. आणि मी? मी चोवीस दाखवत होतो. दुसरं काही दाखवायची मला परवानगीच नव्हती.

तर आज रविवार. सगळे घरी. गाडी ठरलेली.

“काकांकडं हवा छान असते, आई,” प्रेरणा म्हणतेय. “महिनाभर आराम होईल. तिकडं डॉक्टरलाही दाखवू.”

“कशाचा डॉक्टर? गुडघ्याचा का डोक्याचा?”

प्रेरणा पुढं होऊन बॅगेची चेन लावू लागली.

“सांग की! सुनबाई, तोंडावर बोल. स्वयंपाकघरातून काय बोलती?”

दुपार चढतेय आणि मी वाट बघतोय. आज मला बंद पडायचंय. ह्या माणसांच्या डोळ्यांदेखत. पण मला मुद्दाम बंद पडता येत नाही. खोटं दुखणं दाखवणं माझ्या घडणीत नाही. आणि दर रविवारसारखी आजही नेमकी काच उघडी आहे. प्रेरणानं सकाळी चादरी धुतल्या, वाळायला जागा हवी म्हणून काच सरकवून ठेवली. वारा येतोय, बाहेरचा तुकडा मस्त मजेत गरगरतोय. मी खोली गार करतोय. माझ्याच गारव्यात ह्या बाईला घराबाहेर काढतायत आणि मी काही करू शकत नाही.

खाली हॉर्न वाजला.

“आली गाडी,” सुदर्शन म्हणाला.

“मी येत नाय.”

“आई, तमाशा नको.”

“तमाशा तू मांडला. मी खरं बोलते तर येडी, अन् तू न बघता बोलतो तर शहाणा! तुझ्या बापानंबी कधी माझा शब्द असा उडवला नाय.”

सुदर्शनचा चेहरा लाल झाला. तो तरातरा गॅलरीत गेला. “सगळी सोसायटी ऐकतीय!” म्हणत त्यानं खाडकन काच ओढली. शेवटपर्यंत. वर खटका लावला.

मग भांडण आणखी पेटलं. फुलंब्रीच्या दिराचा विषय निघाला, ऑपरेशन निघालं, लग्नातला मानपान निघाला. गाडीवाला फोन करत राहिला. आणि काचेत माझा बाहेरचा तुकडा तापत गेला. चादरींची वाफ, उन्हाची झळ, माझीच गरमी. नळी फुगली. कट् असा आवाज झाला. खोलीतला वारा थांबला.

वच्छलाबाईंनी वर बघितलं. काठी उचलली आणि माझ्या नाकावर टेकवली.

“हे बघ! सहा. एक. एकसष्ट! आता डोळे फुटले का तुझे?”

सुदर्शननं वर बघितलं. “अगं आई, तो सहा नाही. तो ई आहे, इंग्रजीतला…”

आणि तो थांबला.

“काय का असंना,” वच्छलाबाई म्हणाल्या. आवाज एकदम खाली आला होता. “हाय ना भिंतीवर? का तुलाबी दिसाया लागलं?”

प्रेरणानं आधी फोटो काढला. पहिल्यांदाच कुणीतरी शहाणपणा केला. सुदर्शननं शफीला फोन लावून स्पीकर चालू केला.

“ई-एक? वो तो बाहर का है, सर. बाहरवाले को हवा नै मिल री. सामने कुछ लगाए क्या?”

“गॅलरीला काच बसवलीय.”

“अरे सर! मैं बोला था ना तब्बीच? वो बेचारा गरमी फेक रा, वहीच वापस खा रा. पार्ट-बिर्ट कुछ नै गया. काच खोल दो. अन् सर, आपल्या अम्मा त्याच खोलीत असतात ना? उनकू कैसा लगता होंगा?”

सुदर्शननं फोन ठेवला. तुम्हाला वाटेल, तिथं भांडण मिटलं. छे! चूक कळली की माणूस लगेच मान्य करत नाही, आधी ती चूक किती लहान आहे ते सांगतो.

“ठीक आहे, दिसलं, मान्य,” तो म्हणाला. “पण काच काही रोज उघडी ठेवता येणार नाही. धूळ आहे, कबुतरं आहेत. तू उन्हाळा फुलंब्रीला काढ, पाऊस पडला की आणतो. एवढ्याशा काचेनं काय कुणाचा जीव जात नाही.”

ह्यावर वच्छलाबाई एकच वाक्य बोलल्या. प्रेरणानं बॅगेतली लुगडी काढून पुन्हा कपाटात लावली. सुदर्शन खाली जाऊन गाडीवाल्याची माफी मागून आला आणि वर येऊन माझ्यासमोरच्या दोन काचा रुळावरून उचलून काढल्या. तिथं आता कबुतरांची जाळी आहे. मी मात्र अजून भिंतीलाच ठोकलेला आहे, माझी सुटका भंगारातच. निदान दुपारी श्वास कोंडत नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल आणि उद्या त्याच्या चौकटीत काही उमटलं, तर वीज तोडण्याआधी त्याला वाचा. आणि जे माणूस तुम्हाला ते सांगतंय, त्याच्यावर आधी विश्वास ठेवा, आकडा चुकीचा वाचला असला तरी.

वच्छलाबाईंचं ते वाक्य असं होतं:

“मग आजची दुपार तू बस त्या काचेत, मी घरातून दाराला कडी घालते, अन् तुझ्या कपाळावर कोणता आकडा उमटतो ते तुझ्या बायकोला वाचाया सांगते.”