सगुणाबाईची शीग

केदारखेड्याच्या मच्छिंद्रानं जालन्याच्या बाजारातून लष्करी डबा आणला, तो निव्वळ डब्यासाठी. जर्मनची लढाई संपून वर्ष झालं होतं, फौजेनं जादा माल लिलावात फुंकून टाकला होता, आणि भंगारवाल्याकडं हिरव्या पत्र्याच्या डब्यांची उतरंड लागली होती. झाकण इतकं घट्ट, की मुंगीला वाट सापडू नये. त्याच्या बायकोनं, सगुणाबाईनं त्यात हरभऱ्याची डाळ भरायचं मनात पक्कं करून टाकलं होतं. घरी येऊन झाकण उघडलं, तर आत अर्धा डबा बारूद. भंगारवाल्यानं डबा हलवून पाहायचेही कष्ट घेतले नव्हते. असली माणसं धंदा करतात आणि देव त्यांना सांभाळतो, हे एक नवलच.

डाळ राहिली बाजूला. नवऱ्याला घबाड सापडलं होतं. मच्छिंद्राकडं बापाच्या वेळची, परवान्याची एकनळी रायफल होती; लढाईत काडतुसं मिळेनाशी झाली तशी ती आढ्याला टांगली गेली. उडवलेल्या काडतुसांची पितळी नळकांडी मात्र त्यानं जपली होती, आणि शिसं वितळवून साच्यात गोळ्या ओतायला तो बापाकडूनच शिकला होता. अडलं होतं ते चांगल्या बारुदीपाशी. इकडं नदीकाठच्या ज्वारीत रानडुकरांनी धुडगूस घातला होता. एका सुळेवाल्यानं तर शेजारच्या सांडू धनगराच्या भावाची मांडी फाडली होती.

मच्छिंद्रानं आधी चिमूटभर गावठी बारूद खापरीवर ठेवून पेटवली. भप्प झालं आणि धुरानं सगळे खोकत बाहेर पळाले. मग डब्यातली ठेवली. कातरलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी ती करडी बारूद आवाज न करता, धूर न काढता, पिवळ्या ज्योतीनं सावकाश जळून गेली. समईची वात सुद्धा याहून जास्त तडतडते.

"ही तर गरीब गाय हाय की," सांडू म्हणाला.

"मोकळी हाय तवर गाय," मच्छिंद्र म्हणाला. "कोंडली की वाघीण. गावठी बारुदीचं माप हिला लावलं, तर नळी फुटून डोळ्यात जाईल."

पुढचे आठ दिवस सगुणाबाईनं जे पाहिलं, त्यानं ती थक्क झाली. भाजीत मीठ कमी की जास्त हे ज्याला उभ्या जन्मात कळलं नाही, तो माणूस सोनाराचा काटा मागून आणून गुंजांनी बारूद तोलत बसला होता. तोलताना श्वास रोखून धरायचा. रायफल बाभळीला आवळून बांधायची, चापाला लांब दोरी लावायची आणि बांधाआड आडवं पडून ओढायची. थोडक्यापासून सुरुवात करून, उडालेल्या नळकांड्याचं पितळ फुगलं-चिरलं का ते निरखत, रोज अर्ध्या अर्ध्या गुंजेनं तो वर सरकला आणि एका जागी थांबला. तेवढीच बारूद मावेल असं अंगुस्तानाएवढं माप त्यानं जुन्या नळकांड्यातून कापून काढलं. एवढ्याशा जागेत डुक्कर लोळवायची ताकद बसते, याचं तिला भय वाटायचं आणि नवऱ्याचा अभिमानही वाटायचा. अभिमान तिनं बोलून दाखवला नाही. डोक्यावर बसला असता.

मग शिसं ओतताना त्याचा डावा हात भाजला.

"पाच काडतुसं भर," त्यानं बायकोला सांगितलं. "माप भरून घाल. पाचांपुरती बारूद तोलून वाटीत काढून ठिवली हाय."

तो ओसरीवर उजव्या हातानं गोळ्या चोळत बसला आणि सगुणाबाई आत माप घेऊन बसली. आता ही बाई वडीगोद्रीची. माहेरी आईनं आणि सासरी सासूनं एकच गोष्ट शिकवलेली, की घरातून माप जाताना त्याला शीग हवी, काठावर चढलेली रास हवी, सपाट माप दलिंद्री घरचं. तिच्या हातून भिकाऱ्याला सुद्धा कधी सपाट ओंजळ गेली नव्हती. तिनं मन लावून, जीव ओतून, शिगोशीग मापं भरली. चार झाली आणि वाटी संपली. सांडली असंल, असं म्हणून पाचवं तिनं डब्यातून भरलं. मच्छिंद्रानं वर गोळ्या बसवल्या आणि पहाटे तो सांडूला घेऊन नदीकडं गेला.

उन्हं वर आली तशी शेजारची सोनूबाई उसनी ज्वारी मागायला आली. सगुणाबाईनं शेर भरला, वर शीग रचली, आणि शिगेचे चार दाणे घरंगळून खाली पडले. तिनं त्यांच्याकडं पाहिलं. पाचांपुरती वाटी चारात संपली होती. मच्छिंद्र माप भरल्यावर दर वेळी त्याच्या तोंडावरून बांबूची पट्टी फिरवायचा. ती समजत होती, माप पुसतोय.

शेर तिच्या हातून पडला. सोनूबाई काय झालं विचारीपर्यंत ती गल्लीच्या टोकाला पोचली होती.

ढेकळांतून, काट्यांतून ती अनवाणी पळाली. ज्वारीच्या कडेला मच्छिंद्र बांधावर पालथा पडला होता, गाल रायफलीच्या दस्त्याला लागलेला. सांडू पलीकडून झुडूप झोडपत होता आणि सुळेवाला नुकता उघड्यावर आला होता.

"अवो, उडवू नका! शीग लावली म्या! पाचीला शीग लावली!"

डुक्कर ज्वारीत घुसलं. मच्छिंद्रानं गाल उचलला, बोट चापावरून काढलं आणि सावकाश रायफल उघडून काडतूस बाहेर घेतलं. बराच वेळ तो उठलाच नाही.

"वैनी, आलेलं जनावर घालिवलं की तुम्ही," सांडू रागानं म्हणाला.

घरी त्यानं पाचही गोळ्या उपसल्या, बारूद काट्यावर तोलली आणि प्रत्येकातली जादा तेवढी खापरीवर काढली, बाकीची वाटीत ओतली. सगुणाबाई पाहत राहिली. पाचांची मिळून चिमटीत मावेल एवढी ढिगली झाली. त्यातला एक वाटा तिचं कुंकू पुसायला पुरेसा होता. तिला हुंदका फुटला.

"तुझी चूक न्हाई," मच्छिंद्र म्हणाला. "माप भरून घाल, म्हनलो म्या. तुझा हात ठावा असून म्हनलो. आता बस, पुन्हा भर."

"म्या न्हाई हात लावत."

"तूच भर. तुझ्याइतकं बराबर आता कुणीच भरणार न्हाई."

तो शेजारी बसून राहिला. तिनं माप भरलं, पट्टी उचलली आणि हात थांबला. मनातल्या मनात तिनं लक्ष्मीची माफी मागितली. मग पट्टी फिरवली. शीग वाटीत पडली आणि माप काठोकाठ, सपाट उरलं. असं पाच वेळा केलं. या खेपेला वाटी बरोबर पाचव्याला संपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी थापताना नदीकडून बार ऐकू आला. तिचे हात पिठात तसेच राहिले. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास घरभर झाला, तरी ती हलली नाही. मग लांबून मच्छिंद्रानं सांडूला घातलेली हाळी आली, चांगली मोठ्यानं, शिवीसकट. त्याच्या तोंडची शिवी आयुष्यात पहिल्यांदाच इतकी गोड लागली, आणि ती चुलीपुढं बसून पोटभर रडली.