केस विंचरण्यापूर्वी

कला महाविद्यालयांत क्रौर्याला क्रौर्य म्हणत नाहीत. ‘प्रामाणिकपणा’ हा अधिक सुसंस्कृत शब्द त्यासाठी राखून ठेवलेला असतो. छायाचित्रण विभागाच्या प्रमुखांना तो फार प्रिय होता, आणि त्या दिवशी त्यांच्यासमोर त्याचा अभाव टाचण्यांनी भिंतीवर लावलेला होता. शेवटच्या वर्षाच्या एका विद्यार्थिनीची ती छायाचित्रे. सगळ्यांत एकच वृद्ध: खुर्चीत ताठ, सदऱ्याचे गळ्यापर्यंतचे बटण लावलेले, भांग पट्टीने आखल्यासारखा. ते तिचे वडील होते.

“हे पासपोर्टचे फोटो आहेत,” प्रमुख म्हणाले. वर्ग हसला, प्रमुखांच्या विनोदाला हसणे हा अभ्यासक्रमाचा अलिखित भाग होता. “माणूस कुठंय यात? वडिलांना विस्मरणाचा आजार आहे असं तूच लिहिलंयस. मग तो दिसू दे ना. हे बघून वाटतं, आत्ता उठून भूगोल शिकवतील.”

“भूगोलच शिकवायचे, सर.”

“शिकवायचे. आता काय आहे ते आण. बेसावध असताना पकड त्यांना. नाहीतर गेल्या वर्षीसारखी पुन्हा नापास होशील, आणि या खेपेला मी मध्ये पडणार नाही.”

गेल्या वर्षी ते मध्ये पडल्याचे कोणाच्याही स्मरणात नव्हते.

बेसावध हा शब्द घेऊन मुलगी घरी आली. तिथे सावधपणाचेच राज्य होते. दुपारी ती खिडकीपाशी स्टँड उभा करी, मागे पांढरी चादर टांगी, आणि वडील तिला आदराने विचारीत, “अहो बाई, कुठं बसू?” एरवी ती त्यांच्या लेखी कोणीच नव्हती. पाण्याचा पेला कोणी दिला, हे ते पाणी संपण्याआधी विसरत. पण गळ्यात कॅमेरा असला की ती निदान फोटोवाल्या बाई तरी असे. मग ते खिशातून कंगवा काढीत, केस ओले करीत, बटणाशी झुंजत, आणि ती थांबे.

“आमची चिमणीही हेच शिकते,” ते भांग पाडता पाडता सांगत. “तुमच्या ओळखीत कुठं काम असलं तर बघा. हुशार आहे. जरा हट्टी आहे, आईवर गेलीय.”

“ऐका,” आई दारातून म्हणे. “नाव विसरले, पत्ता विसरले. नट्टापट्टा आणि माझा उद्धार तेवढा लक्षात आहे.”

मग ते हनुवटी किंचित वर करीत. “हं. आता काढा.”

ज्या छायाचित्राने तिला पदवी मिळाली, ते सकाळचे आहे. वडील पलंगाच्या कडेला बसले होते. एक हात सदऱ्याच्या बाहीत गेला होता, दुसरा कुठे जायचे ते विसरून हवेत राहिला होता. केस पिंजारलेले, ओठांच्या कोपऱ्यातून ओघळ. नजर कशावरच नव्हती. मुलीने कॅमेरा उचलला.

“आत्ता नको,” आई म्हणाली. “तोंड पुसू दे त्यांचं.”

“आई, बाजूला हो जरा.”

“अगं, पण तयार कुठं आहेत ते?”

“म्हणूनच.”

खटका वाजला. त्या आवाजासरशी वडिलांचा मोकळा हात छातीकडे गेला, कंगव्याच्या खिशाकडे. पण तो खिसा अजून पाठीमागे लोंबत होता.

“बाई, काढलात?”

“नाही,” ती म्हणाली. “नुसती बघत होते.”

विभागाने छायाचित्र पुरुषभर उंचीचे छापले. त्याच्या शेजारच्या पाटीवर प्रमुखांनी स्वतः एक परिच्छेद लिहिला. त्यात ‘प्रतिमेचे निःशस्त्रीकरण’ होते, ‘स्मृतीचा उत्खननप्रदेश’ होता. ओठांवरचा ओघळ कोणी पुसायचा, एवढे मात्र नव्हते. मुलीला पहिला वर्ग मिळाला.

प्रदर्शनाला आई वडिलांना घेऊन आली. घरी त्यांना सांभाळायला कोणी नव्हते, आणि मुलीचे कौतुक एकदा डोळ्यांनी पाहावे, असेही तिला वाटत होते. वडील इस्त्रीचा सदरा घालून आले होते. गर्दीने अदबीने वाट करून दिली. स्वतःच्या उद्ध्वस्ततेसमोर उभा राहिलेला माणूस पाहायला मिळणे ही तिकिटाविना पर्वणीच होती.

ते बराच वेळ पाहत राहिले.

“कोण हो हे?” त्यांनी विचारले. “आजारी दिसतोय बिचारा. ह्याला सांगितलं नव्हतं का, फोटो काढणार म्हणून?”

“त्यातच तर सगळं आहे, सर,” प्रमुख मृदू आवाजात म्हणाले.

“काय सगळं आहे?” मागच्या बाकावरच्या मुलाला विचारावे तसे त्यांनी विचारले. “दुसरा हात तरी घालू द्यायचा होता बाहीत.” मग ते शेजारी उभ्या असलेल्या तरुणीकडे, आपल्या मुलीकडेच, वळले आणि खासगीत सांगावे तसे म्हणाले, “आमची मुलगी काढते फोटो. ती थांबते हो. कितीही वेळ लागू दे, थांबते.”

आईने मान फिरवली. प्रमुखांनी भुवईने खूण केली, आणि विभागाचा कॅमेरा सांभाळणाऱ्या विद्यार्थ्याने तो डोळ्याला लावला: म्हातारा आणि त्याची प्रतिमा, एकाच चौकटीत. वडिलांनी ते पाहिले. त्यांचा हात खिशाकडे गेला.

“थांब,” मुलगी म्हणाली, आणि मध्ये जाऊन उभी राहिली.

“अगं, हाच तर क्षण आहे,” प्रमुख म्हणाले. “सरक.”

ती सरकली नाही. तिच्या आडोशाला वडिलांनी सावकाश भांग पाडला, कंगवा पुसला, खिशात ठेवला, वरचे बटण चाचपले. मग हनुवटी किंचित वर करून त्यांनी तिच्याकडे पाहिले.

“उपकार झाले,” ते म्हणाले. “आपण कोण, बाई?”

कॅमेरा दुसऱ्याच्या हातात होता. आज ती फोटोवाल्या बाईसुद्धा नव्हती.