त्यानं पाणी घेतलं नाही

खुशालरावाच्या विहिरीवर मोटर होती, पाइप होता, स्टार्टरची पेटी उघडी लोंबत होती. मधली वायर तेवढी नव्हती.

*

हळद दळून आली. कांडणाच्या बायांनी गाणी म्हणता म्हणता एकमेकींच्या गालांना फासली. मांडवाच्या डेळी रोवायला, खड्डे खणायला सब्बल आणली, तर जमीन दगडासारखी.

*

तुरीच्या कोठीत मोबाइल पुरला तर वाजलेला ऐकू येतो का? सुभद्रेनं करून पाहिलं. येतो. म्हणून मग बंद करून पुरला. आपलाही आणि नवऱ्याचाही.

*

संत्र्याला ताण देतात. पाणी तोडतात, झाड उपाशी ठेवतात. पानं मान टाकतात, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. झाड मरतं की काय असं वाटायला लागलं की पाणी सोडायचं. मग ते फुलतं. तोवर मोटर बंद. विहिरीकडं कोणी फिरकत नाही.

*

मरणाचा निरोप घेऊन आलेला माणूस आमच्याकडं पाणी घेत नाही. बसत नाही. दारातूनच सांगतो आणि पाठ फिरवतो.

*

गजेंद्रनं बांबू आणले. शेंड्यांना तार गुंडाळली.

*

आता सरळ सांगतो. सूर्यभान आणि मी, आमचा बांधाला बांध. त्याची पोरगी पौर्णिमा, तिचं लग्न सोमवारी. नवरदेव वरूडचा, नांदगाव पेठेला कापडाच्या कंपनीत. गेल्या साली तिचं असंच दुसरीकडं जुळलं होतं. हळदीच्या दिवशी नवरदेवाची आजी गेली, मांडव उतरला, आणि मग त्या लोकांनी पुन्हा तारीख काढलीच नाही. तेव्हापासून पाणवठ्यावरच्या बाया पौर्णिमाच्या पायांकडं पाहायच्या. दुसऱ्यांदा मांडव उतरला असता तर पोरीचं नाव कायमचं पडलं असतं.

आणि शुक्रवारी अंजनगावहून फोन आला. आबा आज-उद्याचे आहेत. आबा म्हणजे सूर्यभानचा सख्खा चुलता. बाप लहानपणी गेल्यावर सूर्यभानला त्यांनीच वाढवला, वखर धरायला शिकवला.

सूर्यभानची बायको सुभद्रा त्याला म्हणाली, "कानावर आलं तं सुतक. नाई आलं तं नाई. सोमवारपरेंत आपल्याले कोनाचं काई आयकाचं नाई."

"आबा हायेत व ते."

"मले मालूम नाई का? मंगयवारी आपून दोघं जाऊ. पाय धरू, रडू, दहा दिवस बसू. पन पोरगी जाऊ द्या घरातून."

सूर्यभाननं खिशातला मोबाइल काढून तिच्या हातात दिला.

*

शनिवारी दिवस कलता पंचायतीसमोर सभा भरली. ग्राम सुरक्षा दल काढायचं होतं. थंडी अशी की लोकांनी बोलायला तोंडं उघडली की वाफ. लिंबाखाली बांबू एकावर एक टेकवून ठेवले होते आणि येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडं पाहायचा, मग बसायचा.

पोलीस पाटील भगवंतराव खुर्चीवर होते. म्हणाले, "पयली गोष्ट. कोनी सापडला तं हात उचलाचा नाई. ठान्यात फोन कराचा."

खुशालराव ताडकन उठला. "अन् ठान्यातून कोन येते पाटील? माही वायर गेली तवा मी फोन केला. मले म्हनते, वायरीची पावती हाये का? अरे, चोरानं पावती लेहून देल्ली का मले?"

लोक हसले. पाटीलही हसले, पण खुशालराव हसला नाही.

मागून शकुनबाई म्हणाली, "माही बकरी गेली तवा कोनी मिटिंग नाई घेतली बाप्पा. तांबं गेलं तं खुर्च्या टाकल्या."

"तुही बकरी बिबट्यानं नेली व शकुन," खुशालराव म्हणाला.

"मंग त्यालेई बलवा मिटिंगले. इचारा, पावती हाये का म्हना."

पुन्हा हशा झाला. तो शेवटचा.

गजेंद्र पुढं आला. दलाचा म्होरक्या तोच होणार हे न सांगता सगळ्यांनी धरलं होतं. त्यानं मोबाइल वर धरला. पडद्यावर अंधूक रस्ता, एक मोटारसायकल, हेल्मेटवाला माणूस, कोणाला तरी काही विचारतोय.

"पाहून घ्या. हा मानूस गावागावात फिरून राहिला. पत्ता इचारते. कोनाचा बगीचा तानावर हाये, कोनाची मोटर बंद हाये, सारं पाहून जाते. दुसऱ्या दिवशी वायर साफ."

भगवंतराव म्हणाले, "हा कुठचा हाये रे व्हिडिओ?"

"कुठचाई असो पाटील. चोर तं चोरच हाये नं."

"साप साप म्हनून भुई धोपटू नका लेकहो."

"अन् साप असला मंग?" गजेंद्र म्हणाला.

मोबाइल हातोहात फिरला. माझ्याकडंही आला. हेल्मेटमध्ये तोंड दिसत नव्हतं, आणि तोंड दिसत नव्हतं म्हणूनच ते कोणाचंही असू शकत होतं.

सूर्यभान खांबाला टेकून बसला होता. सभेकडं त्याचं ध्यान नव्हतं. तो फाट्याकडून येणाऱ्या रस्त्याकडं पाहत होता.

"सूर्यभानभाऊ," गजेंद्र म्हणाला, "लगनघर तुमचं हाये. सोनंनानं आलं असन. तुमच्या आंगनात दोन पोट्टे बसवतो."

"बसव."

"अनोळखी कोनी आला तं काय कराचं?"

"वापस लाव." सूर्यभाननं रस्त्यावरची नजर काढली नाही. "अनोळखी असो का वयखीचा असो. सोमवारपरेंत कोनाले दारात येऊ देऊ नोको."

"हे पाहा!" गजेंद्र सभेकडं वळला. "याले म्हनतात समजदार मानूस."

*

मोटारसायकलचा आवाज आधी आला.

गजेंद्रनं फाट्यावर आधीच उभे केलेले दोघे तिला मध्ये घालून घेऊन आले. पंचविशीचा पोरगा. अंगावर धूळ, डोक्यात हेल्मेट, खाली माकडटोपी. आख्खी सभा उठून उभी राहिली. आत्ताच मोबाइलवर पाहिलेला माणूस, जसा काही पडद्यातून उतरून आला होता.

"कोन रे तू?"

"अंकुर. अंजनगावचा. सूर्यभान काकाचं घर कोनतं हाये?"

"कायले?"

"काम हाये."

"काय काम हाये, थेच इचारून राहिलो नं."

"त्याइलेच सांगतो. घरचं हाये."

शकुनबाईनं तांब्या पुढं केला. "आधी पानी पे बापू. मंग सांग."

"नाई मावशी. थांबाले टाइम नाई. वापस जाचं हाये. दोन शब्द सांगतो अन् निंगतो."

तेव्हा मी सूर्यभानकडं पाहिलं. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. पोरानं पाणी घेतलं नव्हतं. तो बसत नव्हता. दारातूनच परत फिरायचं म्हणत होता. आणि त्यानं हेल्मेट, माकडटोपी काढली तसं मलाही दिसलं, कपाळ थेट आबांचं होतं, रुंद आणि मधे चीर पडलेलं.

आबांच्या त्या नातवाला सूर्यभाननं मांडीवर घेऊन जावळ काढलं होतं. हे मला माहीत होतं. गावात दुसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

गजेंद्रनं गाडीची डिक्की उघडली. आत एक पकड आणि वायरीचा तुकडा.

"हे कायले?"

"चैन उतरते गाडीची. थे बांधाले."

"चैन उतरते," खुशालराव म्हणाला. हळू म्हणाला, आणि म्हणून ते जास्त वाईट वाटलं.

भगवंतराव मधे आले. "थांबा. सूर्यभान, तू सांग. वयखतं का याले?"

सगळे वळले. लांबून, लग्नघरातून, हळदीचं गाणं ऐकू येत होतं. बाया टाळ्या वाजवत होत्या.

पोराला सूर्यभान दिसला तसा तो हसला. सुटल्यासारखा हसला. "काका, बरं झालं. आबानं—"

"चूप!"

सूर्यभानचा असा आवाज आम्ही कधी ऐकला नव्हता. बैलावरसुद्धा नाही.

"काका, आयका तं खरं, मी—"

"चूप कर त्याले! एक शब्द बोलू देऊ नोका. मी नाई वयखत याले."

पहिला बांबू कोणी उचलला ते पुढं पोलिसांना कोणीच सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही, कारण मी त्या वेळी सूर्यभानकडंच पाहत होतो. त्यानं सभेकडं पाठ केली आणि दोन्ही तळव्यांनी कान दाबून धरले. त्याचे ओठ हलत होते. हरी हरी म्हणत असावा. आतून आवाज केला की बाहेरचा येत नाही.

मी त्याच्या खांद्याला धरलं. "सूर्यभान, मारून टाकतीन रे. बोल. आपला हाये म्हन."

त्यानं एकदा हात काढले. खरंच काढले. पोरगा ओरडत होता, पण त्यात शब्द नव्हते, नुसता जीव होता. शब्द येईल या भीतीनं सूर्यभाननं पुन्हा कान झाकले.

मी ओरडलो, "सोडा, वयखीचा हाये!" पण त्या गलक्यात माझं कोण ऐकतं? पाटील खुर्चीवर चढून "हात नोका उचलू" म्हणत होते. खुर्ची कोणाच्या तरी धक्क्यानं पडली, पाटीलही पडले, आणि मग गावात सांगणारं कोणी उरलं नाही.

धूळ खाली बसली तेव्हा शकुनबाई पोराच्या तोंडाशी तांब्या धरून बसली होती. पाणी आत जात नव्हतं. जबडा एका बाजूला गेला होता.

पाटलांनी आणि मी त्याला गाडीत घातला. अमरावतीला नेला. वाटेत तो माझ्या मांडीवर होता. काहीतरी सांगायला पाहायचा, बोटांनी मांडीवर काहीतरी करायचा, मला कळायचं नाही.

*

"काय झालं मिटिंगमंधी?" सुभद्रेनं विचारलं.

"काई नाई."

"कोनी आलं व्हतं? गलका आयकू आला."

"कोनी नाई आलं."

तिनं नवऱ्याच्या तोंडाकडं पाहिलं, हळदीची वाटी त्याच्यापुढं केली आणि म्हणाली, "लावून घ्या. पोरगी वाट पाहून राहिली." त्यानं बोट बुडवलं. पोरीच्या गालाला हळद लावून त्यानं बोट तिथंच ठेवलं, काढलंच नाही, तशी पौर्णिमा हसली. "बाबा, आतापासूनच?"

*

लग्न लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगतीत वांग्याची भाजी आणि वरणबट्टी होती. पौर्णिमा वरूडला गेली. दुसऱ्यांदा मांडव उतरला नाही. मंगळवारी पोलीस आले, गजेंद्रला आणि खुशालरावाला घेऊन गेले. बुधवारी आणखी दोन विहिरींवरची वायर गेली. रानात भेगा रुंदावल्या. सूर्यभाननं ताण तोडायची वेळ आली तरी पाणी सोडलं नाही. मी बांधावरून हाक मारली तर त्यानं वर पाहिलं नाही. मला वाटलं, ऐकू गेलं नसेल.

*

दवाखान्यात अंजनगावची माणसं आली तेव्हा मला कळलं. अंकुर अंजनगावहून निघाला तेव्हा आबा जिवंत होते. सूर्यभानचा फोन लागत नव्हता, म्हणून त्यांनी त्याला पाठवलं होतं. निरोप एवढाच होता : पौर्णिमाचं लगन बिनघोर होऊ द्या, तवरोक मी कुठी जात नाई.