भाऊजींची कॉमेंट्री

भाऊजींना तो पब आवडायचा, कारण प्रत्येक शहरातली त्याची शाखा हुबेहूब सारखीच असायची: भिंतभर टीव्ही, चिकट टेबलं, कोमट बिअर आणि सगळ्या पदार्थांवर एकच गोडूस सॉस. हॉकीचा सामना बघायला त्यांनी ताईला आणि मला तिथे नेलं. ताई दहा वर्षं गोलकीपर होती, हे ते लग्नानंतर सोयीस्करपणे विसरले होते. उभ्या जन्मात कधी स्टिक न धरलेला हा माणूस तोंडात चिकन कोंबून पडद्यावरच्या गोलकीपरला अक्कल शिकवत होता.

“तिने पुढे यायचंच नसतं,” ते ताईला म्हणाले. “तुला नाही कळायचं ते.”

शेजारच्या टेबलावरची बाई वळली आणि ताईकडे निरखून बघू लागली. “फायनलला आमचे तीन पेनल्टी स्ट्रोक तुम्हीच अडवलेत ना? माझा राग अजून गेलेला नाही. या, बसा इकडे.”

ताई ग्लास घेऊन उठली. मग दोघी मीठ-मिरीच्या बाटल्या सरकवत तो जुना सामना पुन्हा खेळत बसल्या. भाऊजींनी दोनदा घड्याळ दाखवलं.

“तुम्ही निघा,” मान वर न करता ताई म्हणाली. “आमचा दुसरा हाफ बाकी आहे.”