चाळिसाव्या खेपेनंतर

१९ फेब्रुवारी. सकाळपासून दाट धुकं. माझ्या खोलीला खिडकी नाही. आत येणारा प्रत्येक जण ओले केस पुसत होता, त्यावरून मला ते कळलं. खोलीत नेहमीचे चार अंश.

मी काचेचा खलबत्ता बोलतोय. प्रयोगशाळेच्या यादीत माझं नाव लांबलचक आहे, पण इथं सगळे मला खलबत्ताच म्हणतात. वीतभर उंचीची जाड काचेची नळी हा माझा खल आणि तिच्यात जेमतेम केसाएवढी फट ठेवून बसणारा काचेचा दांडा हा माझा बत्ता. एकाच कारागिरानं दोघांना एकमेकांवर घासून जुळवलं आणि दोघांवर एकच क्रमांक कोरला. दुसऱ्याचा बत्ता मला चालत नाही.

माझं काम पेशी फोडायचं. तेही बेतानं. बाहेरचं कवच फुटावं, पण आतल्या चिमुकल्या वस्तूंना धक्का लागू नये. बत्ता एकदा खाली आणि एकदा वर गेला की एक खेप झाली. खेपा कमी पडल्या तर पेशी फुटत नाहीत, जास्त झाल्या तर काहीच धड उरत नाही.

सोळा वर्षं मी मॅडमच्या हातात होतो. त्या पेशींचा अभ्यास करायच्या. प्रत्येक पेशीत मायटोकाँड्रिया नावाची ऊर्जाघरं असतात. त्यांना लागणारी बहुतेक प्रथिनं बाहेर तयार होतात आणि दारातून आत जातात. अनेकांच्या टोकाला पत्त्याची चिठ्ठी असते. ती पाहून दार उघडतं आणि आत घेतल्यावर चिठ्ठी कापून टाकतात. मॅडमना असं एक प्रथिन सापडलं होतं, ज्याच्याजवळ चिठ्ठीच नव्हती. तरी ते आत जात होतं.

ते आत गेलं हे ओळखायचं कसं? मॅडम नळीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, घालायच्या. बाहेर राहिलेलं प्रत्येक प्रथिन ते खाऊन टाकतं. जे शिल्लक राहिलं ते आत होतं, एवढा साधा हिशेब.

पेशी फोडायचं काम मॅडमनी कधी कुणाला दिलं नाही. राखाडी स्वेटर चढवून त्या या थंड खोलीत यायच्या, मला बर्फात रोवायच्या आणि ओठांतल्या ओठांत मोजायच्या. एक, दोन, तीन... चाळिसाला हात थांबायचा. मग दोरीनं बांधलेल्या पेन्सिलीनं त्या वहीत आकडा लिहायच्या. सोळा वर्षांत एक्केचाळिसावी खेप काय असते हे मला माहीत नव्हतं.

त्यांचा सहकारी लांब्या. या खोलीच्या दारात रोज डोकं आपटतो, म्हणून हे नाव. फुटलेल्या पेशींची नळी मॅडम त्याच्या हातात द्यायच्या. पुढचं सगळं त्याचं.

मॅडम आजारी पडल्या तेव्हा त्या प्रथिनावरचा शोधनिबंध अर्धा लिहून झाला होता. इस्पितळातून त्यांनी निरोप दिला, "कृती माझ्या वहीतून उतरव. वहीत सगळं आहे." लांब्यानं उतरवली. ऑक्टोबरात मॅडम गेल्या, नोव्हेंबरात निबंध छापून आला, पहिलं नाव मॅडमचं, दुसरं लांब्याचं.

जानेवारीत दूरच्या एका प्रयोगशाळेचं पत्र आलं. छापलेली कृती त्यांनी तीनदा जशीच्या तशी केली होती आणि आत काहीच सापडलं नव्हतं. हा निष्कर्ष मुळात कधी निघाला होता का, असं त्यांनी फार सभ्य शब्दांत विचारलं होतं.

विभागप्रमुख दारातच उभं राहून म्हणाले, "फेब्रुवारीअखेर करून दाखव. नाहीतर निबंध मागे घेऊ. गेलेल्या बाईंच्या नावाची चिरफाड नको."

तेव्हापासून लांब्या मला हातात घेऊ लागला. हात त्याचा चांगला आहे, हे मी मान्य करतो. पण तो इंग्रजीत मोजायचा, आणि चाळिसाला थांबायचा नाही.

पहिल्या दिवशी त्याची चाळिसावी खेप झाली तेव्हा मी सवयीनं वाट पाहिली. बत्ता पुन्हा खाली आला. माझ्या काचेतून कसलीशी कळ गेली. पुढच्या चाळीस खेपा मी ते ऐकत होतो. एकेक ऊर्जाघर फाटत होतं. अशा फाटलेल्या घरात विकर सरळ शिरतं आणि आतलं-बाहेरचं सारखंच खाऊन टाकतं. लांब्याच्या नळीत शून्य शिल्लक राहिलं. असं अकरा वेळा झालं.

मला मोजता येतं, सांगता येत नाही.

मॅडमचा स्वेटर दाराजवळच्या खुंटीवर तसाच होता. उजव्या कोपराला त्यांच्या कोपराचा फुगवटा अजून होता. थंडाव्याचं यंत्र सुरू झालं की त्याची बाही हलायची, आणि त्या घरघरीत मला ओठांतली मोजणी ऐकू यायची. सदतीस, अडतीस, एकोणचाळीस. मग यंत्र बंद पडायचं. लांब्यालाही काहीतरी ऐकू येत असावं. एकदा तो मागे न वळताच म्हणाला, "हो मॅडम, झालंच." आणि मग बराच वेळ त्यानं मागे पाहिलं नाही.

धुक्याच्या त्या सकाळी मॅडमची धाकटी बहीण स्वेटर न्यायला आली. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते.

"लांब्या तूच ना? कपाळावरूनच ओळखलं. चालू दे तुझं, मी थांबते."

लांब्या मोजत राहिला. फॉर्टी. फॉर्टी-वन. फॉर्टी-टू.

"अरे, थांबला नाहीस?"

"ऐंशी करायच्या असतात, मावशी."

"कुणी सांगितलं? ताई कायम चाळीस मोजायची. लहानपणी माझे केस विंचरायची ना, चाळिसाला फणी खाली ठेवायची. मी हट्ट धरायचे, अजून, अजून. म्हणायची, 'चाळीसच्या पुढे केस तुटतात.'"

लांब्यानं हात थांबवला. मग खुंटीखालची वही उघडून तिच्यापुढे धरली. "हे बघा ना. स्वच्छ लिहिलंय, ऐंशी."

मावशींनी चष्मा वर सरकवला. "हा इंग्रजी आठ नाही रे, मराठी चार आहे. तिचा चार कायम असाच, वरून मिटलेला. बाबांनी पाटीवर किती गिरवून घेतला, पण सुधारला नाही."

"पण बाकी सगळे आकडे इंग्रजीत आहेत!"

"ते मोजलेले नसतील, यंत्रावर वाचलेले असतील. तोंडानं मोजायचं म्हटलं की ती मराठीतच मोजायची."

लांब्या वहीची पानं उलटत राहिला. सोळा वर्षांचे मिटलेले चार. मग तो बर्फाच्या डब्याशेजारी खाली बसला.

"मावशी, हे मी टाइप केलंय. त्या असताना एकदा विचारलं असतं तर..."

"माझ्या वर्गात रोज तीस जणं चुकतात. चुकलं की वही घेऊन पुढे येतात, खोडतात, पुन्हा लिहितात. तूही पुढे ये."

स्वेटर नेता नेता त्या दारात थबकल्या. "आज राहू दे इथंच," म्हणाल्या आणि पुन्हा खुंटीला अडकवून गेल्या.

दुपारी विभागप्रमुखांनी सुचवलं, "अक्षर मॅडमचंच ना? वहीतला आकडा संदिग्ध होता, असं लिही."

लांब्या म्हणाला, "आकडा संदिग्ध नव्हता, सर."

आता माझ्याबद्दल. त्या जादा खेपांनी माझी फट रुंदावली आहे. बत्ता सैल बसतो आणि वर येताना किरकिरतो. येत्या महिन्यात माझ्या जागी नवा जोड येईल. तो वापरणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, की मोजाल ते मोठ्यानं मोजा. शेजारी कुणीतरी ऐकणारं असू द्या. माझ्या शेजारी सोळा वर्षं कुणी नव्हतं.

लांब्यानं २०, २२ आणि २५ फेब्रुवारीला चाळीस खेपांनी प्रयोग केला, मराठीत मोजून. बाहेरचं सगळं खाऊन झाल्यावर शंभरातले अनुक्रमे अडतीस, एक्केचाळीस आणि सदतीस भाग प्रथिन आत शिल्लक होतं. मॅडमच्या वहीत एकोणचाळीस लिहिले आहेत.

एप्रिलच्या अंकात चार ओळी छापून आल्या. शुद्धिपत्र: पान सहा, ओळ चौदा. 'ऐंशी खेपा' ऐवजी 'चाळीस खेपा' असे वाचावे. ही चूक वहीतून नोंद उतरवताना दुसऱ्या लेखकाकडून झाली. निष्कर्षात बदल नाही.