वरच्या बाजूची शिवण

छत्रीवाल्यानं इंजिन बंद केलं आणि छत्री तशीच गवतावर लोळू दिली. एरवी चाकं थांबली की तो आधी उतरून तिच्या दोऱ्या गोळा करायचा. कापडाला एक कुसळ लागलं तरी दिवसभर कुरकुरायचा. त्या दिवशी छत्रीचं एक टोक कुंपणाच्या काटेरी तारेत जाऊन अडकलं आणि त्यानं वळूनही पाहिलं नाही. हेल्मेट हातात धरून तो हँगरकडे चालत आला.

मिस्त्री एका ट्राइकच्या, म्हणजे ताठ कापडी पंखाच्या तीनचाकी विमानाच्या, मागच्या पंख्याचे बोल्ट आवळत होता. गेला अर्धा तास त्याचं एक लक्ष आकाशात होतं. खाली तीन चाकांची गाडी, पाठीला पंखा आणि वर कापडाची छत्री, असं छत्रीवाल्याचं यंत्र ताशी पन्नासच्या वर जात नाही. समोरून तीसचा वारा असला की ते हवेत जागच्या जागी टांगल्यासारखं दिसतं. टेकडीवरून मैदान नऊ किलोमीटर. तेवढं यायला छत्रीवाल्याला अर्धा तास लागला होता. मदतीसाठी त्यानं रेडिओच्या दुसऱ्या वाहिनीवर कळवलं होतं. हँगरच्या वाहिनीवर तो काहीच बोलला नव्हता.

"टेकडीच्या पलीकडे," छत्रीवाला म्हणाला. "उतारावर. मी दोन फेऱ्या मारल्या. वहिनी..."

मिस्त्रीनं राहिलेले दोन बोल्ट आवळले. पाना फळीवर त्याच्या जागी लावला. मग म्हणाला, "चल."

महिनाभरानं चौकशी अधिकाऱ्याचं पत्र आलं. दोनच पानं होती. टेकडीच्या आडोशाला वारा खाली कोसळतो, त्यात मिस्त्रीच्या बायकोचं ट्राइक उलटून ती गेली, असं पत्रात लिहिलं होतं. चालवणारी अनुभवी होती. इंजिन ठीक होतं. पंखाचा डावा अर्धा भाग जळाला होता, पण आठ महिन्यांपूर्वीच्या तपासणीत पंख उत्तम ठरला होता आणि तसा कागद होता. यंत्रात किंवा देखभालीत दोष आढळला नाही.

तो कागद मिस्त्रीनंच भरला होता. शिवणीच्या रकान्यात त्यानं लिहिलं होतं : सव्वा किलो, टिकली.

त्यानं ते पत्र चार वेळा वाचलं आणि कपाटात कपड्यांखाली ठेवलं. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं. तो मान हलवायचा. रात्री दोन माणसांचा भात लावला गेला की उरलेला सकाळी खायचा.

त्या आठवड्यात मेव्हणा हँगरमध्ये आला. बायकोचा धाकटा भाऊ. लोकांना मागच्या सीटवर बसवून तो मैदानाभोवती चक्कर मारून आणायचा. महिनाभर त्यानंही ट्राइकला हात लावला नव्हता. आता त्याच्या ट्राइकचा वर्षाचा कागद संपत आला होता.

"दाजी, सही तेवढी करा," तो म्हणाला. "रविवारी सात जण यायचेत. मीच बोलावलंय. घरी बसून डोकं फिरायला लागलं."

मिस्त्रीनं खालचा खण ओढला. त्यातून त्यानं एक वाकडी बोथट सुई काढली, मग स्प्रिंगचा काटा. सुई शिवणीच्या एका टाक्याखाली घालायची, काटा तिला अडकवायचा आणि सावकाश ओढायचं. सव्वा किलोला टाका टिकला तर पंख उडायला लायक. नाही टिकला तर पंख गेला.

"काटा कशाला? कांदेबटाटे घ्यायचेत?"

"पंखाला लावतो."

"ताईनं शिवलाय तो."

"माहितीय."

"मग?"

"मग लावतो. टोक धर."

मेव्हण्यानं पंखाचं टोक धरलं, पण त्याचा चेहरा उतरला. "तिनं ऐकलं असतं ना, तर दोघांनाही हँगरबाहेर काढलं असतं."

ते खरं होतं. मैदानावरच्या सात ट्राइकचे पंख तिच्या हातचे होते. ती मशिनवर बसली की कुणी बोलायचं नाही. दहा वर्षांपूर्वी तिनं एका दमात दोन पंख शिवले, एक स्वतःचा, एक भावाचा. आठ महिन्यांपूर्वी मिस्त्री हाच काटा घेऊन तिच्या पंखाजवळ गेला होता. ती चहा पीत होती.

"माझ्या शिलाईत सुई घालणार?" ती म्हणाली होती. "घाला की. नाही तुटली तर आठवडाभर भांडी तुमच्याकडे."

तो हसला होता. भांडी तशीही त्याच्याकडेच असायची. पण काटा त्यानं परत खणात टाकला आणि उभ्या उभ्या आकडा लिहिला. तिच्या शिवणीवर संशय घ्यायचा, हे त्याला बरं वाटलं नव्हतं. एवढंच कारण होतं. दुसरं काही नव्हतं.

आता त्यानं खालच्या बाजूनं सुरुवात केली. सुई घातली, काटा लावला. चारशे. आठशे. एक किलो. सव्वा किलो. टाका जागचा हलला नाही.

"बघा," मेव्हणा म्हणाला.

दुसरा टाका टिकला, तिसराही. चौथाही. मेव्हण्याचा आवाज मोकळा झाला.

"ताईची शिवण आहे दाजी. ट्राइकला हत्ती टांगला तरी सुटायची नाही. चला, सही करा आणि चहा पाजा."

"वरची बाजू राहिली."

"खालची टिकली ना?"

"खालच्या बाजूला ऊन लागत नाही."

मेव्हण्यानं टोक खाली दाबलं, तसा पंख तिरका होऊन त्याची पाठ मिस्त्रीच्या छातीपर्यंत आली. कापड पांढरं, स्वच्छ होतं. टाके एकसारखे, मापात. मिस्त्रीनं मधल्या नळीजवळची जागा निवडली. दिवसभर उभ्या असलेल्या ट्राइकला सगळ्यात जास्त ऊन तिथं लागतं. त्यानं सुई घातली. काटा लावून तो थोडा वेळ तसाच उभा राहिला.

"ओढा ना," मेव्हणा म्हणाला.

दोनशे. चारशे. सहाशे. आठशे. नऊशेला बारीकसा आवाज झाला, शर्टाचं बटण तुटावं एवढाच. सुई मोकळी होऊन त्याच्या हातात आली.

"जुना असेल एखादा," मेव्हणा म्हणाला. "शेजारचा बघा."

शेजारचा आठशेला गेला. हातभर अंतरावरचा साडेआठशेला. मिस्त्रीनं पंखाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तिथंही ओढलं. तिथला दोरा सातशेलाच तुटला. तुटलेली टोकं त्यानं चिमटीत धरून चोळली. त्यांची पांढरी पूड झाली.

मेव्हण्यानं पंखाचं टोक हळूच सोडलं. पंख पुन्हा सरळ झाला.

"उन्हानं," तो म्हणाला.

"हो."

"शिवण्यात काही चूक नाही."

"नाही. शिवण चांगलीच आहे. दोराच संपला."

बाहेर कुणीतरी इंजिन चालू करून बंद केलं. मेव्हणा स्टुलावर बसला आणि आपल्या बुटांकडे पाहत राहिला.

"ताईचा पंख," तो म्हणाला. "तोही तेव्हाचाच."

"एकाच रिळातला दोरा."

"पण तुमच्या कागदावर तर सव्वा किलो..."

"लिहिलं. ओढलं नव्हतं."

मेव्हण्यानं मान वर केली. मिस्त्रीनं नजर चुकवली नाही. काटा त्याच्या हातात होता आणि त्याचा आकडा शून्यावर होता.

"का?"

मिस्त्रीच्या ओठांवर भांड्यांची गोष्ट आली होती. ती त्यानं सांगितली नाही. "ओढायला पाहिजे होतं," एवढंच म्हणाला.

"पण ते वाऱ्यानं झालं. साहेबांनी लिहून दिलंय ना?"

"शिवण आधी उसवली की आपटल्यावर, ते त्यांनी लिहिलेलं नाही. त्यांनी बघितलंच नाही. माझा कागद बघितला."

मेव्हणा उठला. तो आता हात उचलेल असं मिस्त्रीला वाटलं, आणि उचलला असता तर बरं झालं असतं असंही वाटलं. पण मेव्हणा फळीकडे गेला. जाड काळा पेन शोधून आणला आणि पंखाच्या पांढऱ्या कापडावर या टोकापासून त्या टोकापर्यंत लिहिलं : उडवू नये. शेवटचं अक्षर लिहिताना पेन कोरडा पडला, तेव्हा तो त्याच अक्षरावरून पुन्हा पुन्हा पेन फिरवत राहिला.

"तिनं शिवलेले आणखी कुणाकडे आहेत?" मागे न वळताच त्यानं विचारलं.

"पाच जणांकडे."

"फोन लावा. मी लावला तर माझ्या तोंडून काहीतरी वाकडं जाईल."

मिस्त्रीनं फोन लावले. कुणी चिडलं, कुणी विचारलं, अहो पण वहिनींनी शिवलाय ना. दुपारपर्यंत पाचही ट्राइक हँगरसमोर उभी राहिली. मेव्हणा टोक धरत होता आणि मिस्त्री ओढत होता. दोघं आकड्यांपलीकडे बोलले नाहीत. दोन पंख टिकले, ते नेहमी शेडमध्ये असायचे. तीन गेले. छत्रीवाला चहा घेऊन आला, त्या तिन्ही पंखांवरची अक्षरं वाचली आणि काही न विचारता पेले ठेवून गेला.

संध्याकाळी मेव्हण्यानं हेल्मेट उचललं. दारात थांबून म्हणाला, "दाजी, काही दिवस मी घरी येणार नाही."

"बरं."

"जेवत जा पण."

तो गेल्यावर मिस्त्रीनं हात धुतले आणि चौकशी अधिकाऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. काटा, आकडा, न ओढलेली सुई. मग अधिकारी म्हणाले की हे लेखी द्यावं लागेल. त्यावर काय व्हायचं ते होईल. मिस्त्री हो म्हणाला.

"आणखी एक," अधिकारी म्हणाले. "पंखाचा उजवा भाग जळालेला नाही. तो आमच्या गोदामात बांधून ठेवलाय. वरच्या बाजूचा काही भाग न उसवता राहिलाय, तिथं तुमची सुई लागेल. ती शिवण तेव्हा किती मजबूत होती, ते तेवढ्यावरून कळू शकतं. तपासायला आमचा माणूस आहे. पण तुम्हाला समोर राहायचं असेल, तर तुम्ही येईपर्यंत आम्ही हात लावणार नाही. तारीख कळवा."

लेखी जबाब मिस्त्रीनं दुसऱ्याच दिवशी पाठवला. तारीख त्यानं अजून कळवलेली नाही.