बंब आणि मतलई

पौषातली पहाट. निःशब्द, नीलधूसर, शिंपल्याच्या पोटासारखी मऊ. समुद्र इतका निश्चल, की त्याला कुणी सक्तीच्या विश्रांतीवर पाठवले असावे. त्या काचनितळ पाण्यावरून, सहा हजार टन सिमेंटचे गांभीर्य पोटात घेऊन, 'मालविका' नावाचे मालवाहू जहाज कोचीहून मुंबईकडे चालले होते. आणि त्याच्या डेकवर, आभाळाला टेकू द्यावा तसे, दोन शुभ्र, उत्तुंग, मौनव्रती दंडगोल उभे होते.

शास्त्रात त्यांना फिरती शिडे म्हणतात. छोटी मोटर त्यांना गरगर फिरवते. वारा कुशीवर आडवा आला की ती जहाजाला पुढे ओढतात, आणि इंजिन तेवढे तेल कमी पिते. खलाशांनी मात्र पहिल्याच दिवशी बारसे उरकले होते : थोरला बंब आणि धाकटा बंब.

हे बंब हर्षदा कांबळीच्या हट्टाचे. जहाजाची ती मुख्य अभियंता. तीन वर्षे कंपनीचे उंबरे झिजवून तिने ते बसवून घेतले होते. कंपनीनेही उदार अंतःकरणाने एकच अट घातली होती : या फेरीत सलग तीन तास, वेग न घटता, इंजिनाने पाचवा हिस्सा तेल वाचवायचे. नाहीतर मुंबईच्या गोदीत बंब कापायचे.

आज फेरीची शेवटची सकाळ होती. आणि वारा नव्हता.

"कांबळीबाई, पाणी तापलं का?" कप्तान विश्राम डोर्लेकरांनी विचारले. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

"वारा आडवा लागतो, सर. किनाऱ्याकडे दहा मैल सरकलो, तर जमिनीवरून येणारा मिळेल."

"आणि माझी रेघ वाकडी होईल त्याचं काय?"

रेघ! नकाशावरची ती पेन्सिलीची रेघ. सरळ, सोवळी, निष्कलंक. तीस वर्षांत डोर्लेकरांनी तिला बाक येऊ दिला नव्हता. कारण त्यांचे वडील, हर्णैचे धाकू तांडेल, शिडाच्या गलबतातून सकाळी किनाऱ्याला बिलगत, दुपारी खोल पाण्याकडे झुकत, नागमोडी, लाडिक, लहरी वाटेने मुंबई गाठायचे, आणि इंजिनवाले बंदरावरून ओरडायचे, "धाकूशेठ, पोचलात की कळवा, नातवंडांना सांगू!" त्या हसण्याचा ओरखडा लेकाच्या मनावर उमटला, आणि पुढे तोच सरळ रेघ होऊन नकाशावर उतरला.

हर्षदाने काचेतून बंबांकडे पाहिले, निरोपाला आलेल्या माणसाने पाहावे तसे, आणि खाली इंजिनाकडे निघून गेली.

तेवढ्यात वास आला. क्षीण, करपट, कोवळा. पालापाचोळ्याचा, शेणीचा, तापल्या मातीचा.

"साहेब," सुकाणूवरचा अन्वर म्हणाला, "भाजावळ वाटतं. कुणीतरी शेत भाजलंय."

डोर्लेकर बाहेर आले. कठड्यावरचे दव त्यांनी बोटांवर घेतले आणि, कुणी बघत नाही असे बघून, उजव्या कानामागे लावले. धाकू तांडेल वाऱ्याचा माग काढायला लावायचे तसे. कानामागे थंड, बारीक शिरशिरी उठली.

"मतलई," ते पुटपुटले. रात्रभर निवलेल्या जमिनीवरून समुद्राकडे निघालेला तो वारा; तीस वर्षांत त्याचे नाव त्यांच्या तोंडी आले नव्हते.

"अन्वर, उजवीकडे घे. वीस अंश."

"साहेब, आणि रेघ?"

"रेघ नकाशावर आहे. तिला कुठं कळतंय?"

मग त्यांनी इंजिनरूमचा फोन उचलला. "कांबळीबाई, बंब पेटवा."

सहा वाजता किनारा दिसला : माडांची काजळओळ, तिच्यामागे केशरी उजेड. जहाज त्याला समांतर वळले, आणि मतलई आली. पाण्यावर रोमांच उठवीत आली. धुराचा, दवाचा, गोठ्यांचा गंध घेऊन आली. आडवी, अलगद, अखंड आली. थोरला बंब घुमू लागला. धाकटा घुमू लागला. सहा हजार टन सिमेंट, आयुष्यात प्रथमच, थोडे हलके झाले.

हर्षदाने इंजिनाचा जोर उतरवला. आणखी उतरवला. वेगाचा काटा ढळला नाही.

सात वाजले. आठ वाजले. नऊला तेलाची बचत पाचव्या हिश्श्याच्याही वर गेली, तेव्हा वरून फोन आला.

"बाई, कंपनीला कळवा. बंब कापायचे असतील, तर आधी मला कापा म्हणावं. आणि वाटेला जरा बाक आलाय. तो माझ्या बापाचा म्हणून लिहा."

हर्षदा हसली, आणि कानावरचे जाड आवरण तिने काढून ठेवले. इंजिनाची गर्जना आता गुणगुण झाली होती. आणि त्या गुणगुणीच्या पलीकडे, पोलादाच्या पातळ भिंतीमागे, तिला ऐकू आले पाणी : सळसळणारे, खळखळणारे, जहाजाच्या कुशीला कुशी घासत, वाऱ्यासंगे, हळूहळू, मुंबईकडे निघालेले पाणी.